मदत हवी आहे: झडपेचं ऑपरेशन आणि बाबांची कमजोर फुप्फुसं

मंडळी, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. मायट्रल झडप बदलायची आणि त्यातच एक बायपास. वय ७१, डायबेटिस आहे. १९८२ च्या संपापर्यंत लालबागच्या गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या कामावर होते. कापसाची धूळ आणि विडी, दोन्ही भरपूर. विडी केव्हाच सुटली, दम लागायचा काही थांबला नाही. करी रोडच्या पुलाच्या जिन्यावर मधेच कठडा धरून उभे राहतात. पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या ताकदीची तपासणी, चांगली आलेली नाही, आणि सर्जन म्हणाले, हृदयापेक्षा मला फुप्फुसांची जास्त काळजी आहे.

नुसता बायपास असता तर धडधडत्या हृदयावरही झाला असता. झडप बदलायची म्हणजे हार्ट-लंग मशीन आलंच, ऑपरेशनपुरतं हृदय आणि फुप्फुसांचं काम तेच करतं. मला समजलंय ते असं: रक्त मशीनच्या नळ्यांतून फिरतं, शरीराला त्या परक्या वाटतात, पांढऱ्या पेशी खवळतात आणि अंगभर दाह सुरू होतो. तेवढा वेळ फुप्फुसं हवेविना आकसून पडलेली, रक्तही जेमतेम पोचतं. पुन्हा पुरवठा सुरू झाला की त्याच पेशी तिथे जाऊन अडकतात आणि फुप्फुसात पाणी धरू शकतं.

हा दाह कमी करायच्या स्टेरॉइडबद्दल मी गोंधळलोय. २०१२ च्या डच अभ्यासात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू, पक्षाघात वगैरेंत ठोस फरक पडला नाही, पण न्यूमोनिया कमी झाला. २०१५ मध्ये साडेसात हजार रुग्णांवर मिथाइलप्रेडनिसोलोन हे दुसरं स्टेरॉइड वापरून पाहिलं, त्यात मृत्यू कमी झाले नाहीत. वर बाबांची साखर चढणार ती वेगळीच. तुमच्या घरच्या डायबेटिसच्या पेशंटला दिलं होतं का? नंतर साखर कशी सांभाळली?

भूलतज्ज्ञांना भेटायचंय. व्हेंटिलेटरचा श्वास उंचीच्या हिशोबाने छोटा ठेवणार का, आणि मशीनवर असताना जादा पाणी गाळून काढणार का, हे विचारणार आहे. आणखी काय विचारू? मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टना आधी भेटता येतं का?

घरी तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून आतल्या छोट्या चेंडूसारख्या गोळ्या वर उचलायचं साधन, सुरू आहे. आधी बाबा त्यात फुंकायचे, आता ओढायचं जमलंय. दोन गोळ्या वर जातात, तिसरी जागची हलत नाही. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, तेही आई रोज करून घेते. ऑपरेशनआधी श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम केला तर नंतर न्यूमोनियाचा धोका कमी होतो, म्हणून हे नीट शिकवणारं कोणी हवंय. परळ-दादर भागात घरी येणारे छातीचे फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप करा.

काढे आणि हळदीच्या कॅप्सूल मात्र सुचवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

अशाच कमजोर फुप्फुसांनिशी कोणी झडपेचं ऑपरेशन करून घेतलं असेल तर व्हेंटिलेटर किती वेळाने निघाला, घरी ऑक्सिजन लागला का, एवढं तरी जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात ॲडमिट करायचंय.