विंडोज १० : केबी५०३४४४१ महिनाभर बसतच नाहीये, फॉरमॅट करायचं नाही

हरिपूरकर
१२ फेब्रुवारी २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या तीन अडत दुकानांचे हिशेब मी घरी बसून लिहिते. हळदीचे सौदे सुरू झालेत. रोज संध्याकाळी सौद्यांच्या हिशेबपट्ट्यांचा गठ्ठा घरी येतो आणि तो त्याच रात्री टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवावा लागतो. मशीन दोन-तीन दिवस बंद ठेवणं मला जमणार नाही, म्हणून हे आधीच सांगितलं. काल जीएसटीचं अकरा तारखेचं काम झालं, आज जरा डोकं मोकळं आहे.

एकच अपडेट अडलंय, केबी५०३४४४१. डाउनलोड होतं, टक्के शंभरापर्यंत चढतात आणि मग लाल अक्षरांत ०एक्स८००७०६४३. परत दाबलं की परत तेच. १० जानेवारीपासून वहीत खुणा करतेय, आज सतरावी झाली. त्याच्या आधीची आणि नंतरची बाकी सगळी अपडेटं बसली.

मशीन २०१५ चं. मुळात विंडोज ७ होतं, त्याच्यावरच १० चढवलं. तीन वर्षांपूर्वी जुनी हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली, क्लोन करून, म्हणजे जुनीची जशीच्या तशी नक्कल करून. सी ड्राइव्हला १४० जीबी मोकळी आहे, म्हणजे जागेचा प्रश्न नाही.

विंडोजचा ट्रबलशूटर चालवला. अपडेटची सर्व्हिस थांबवून सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डरचं नाव बदललं. विंडोजच्या फाइली तपासणारं एसएफसी स्कॅन केलं, त्यात काही निघालं नाही. दुरुस्तीवाल्यानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल. नऊ वर्षांचा डेटा आहे, आणि माझा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असा लावलाय की छापील पट्टीच्या रकान्यांत आकडे बरोबर पडतात. ते जुळवायला दोन दिवस गेले होते. फॉरमॅट म्हटलं की पोटात गोळा येतो. दुसरा काही मार्ग आहे का?

कृष्णाकाठ
१२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ताई, अँटिव्हायरस तात्पुरता काढून बघा आणि डिझमची रिस्टोअर हेल्थ कमांड चालवा, ती विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करते. माझ्याकडं हाच आकडा डॉटनेटच्या अपडेटला आला होता, तो असाच गेला.

माहुलीचा संगम
१२ फेब्रुवारी, रात्री ११.०५

ताई, फॉरमॅट अजिबात करू नका. तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही. मी साताऱ्यात काही पतसंस्थांची मशीन सांभाळतो, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच संस्थेत अकरा ठिकाणी हेच बघितलं. कृष्णाकाठ म्हणतात ते डॉटनेटला खरं आहे, कारण हा आकडा मोघम आहे, "बसवता आलं नाही" एवढंच तो सांगतो. इथं कारण वेगळं आहे.

हे ९ जानेवारीला आलेलं अपडेट सी ड्राइव्हवरच्या विंडोजसाठी नाहीच. मशीन सुरू होईना झालं की जे निळं दुरुस्तीचं पान येतं, त्या रिकव्हरीसाठी आहे. ती रिकव्हरी डिस्कवर वेगळ्या, लपलेल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका स्वतंत्र भागात, असते. तिथं २५० एमबी मोकळी लागते. जुन्या मशीनमध्ये ते पार्टिशनच साडेचारशे-पाचशे एमबीचं असतं आणि जवळजवळ भरलेलं. सी मध्ये १४० जीबी असून उपयोग नाही. खरं तर "जागा कमी" असा निरोप यायला हवा होता, पण निरोप देण्यातच चूक असल्यानं ८००७०६४३ दिसतो. मायक्रोसॉफ्टनंच हे कबूल केलंय. लोक महिनाभर फोल्डरांची नावं बदलत बसलेत, मला त्याचंच वाईट वाटतं.

आधी नुसतं बघा, काही बदलू नका. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी ही अक्षरं इंग्रजीत सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून इन्फो. रिकव्हरी चालू आहे का आणि कितव्या पार्टिशनवर आहे, ते कळवा. शिवाय डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशनं डावीकडून कशी लागलीत तेही लिहा.

हरिपूरकर
१३ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

दादा, रिकव्हरी चालू आहे, पार्टिशन ३. डावीकडून पहिलं १०० एमबी सिस्टीम रिझर्व्ह्ड, मग सी, आणि अगदी उजवीकडं ४५० एमबी.

मला समजलं ते बरोबर का बघा. आमच्या हरिपुरात हळद पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, वरून तोंड बंद. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी गेलं आणि ते सगळं मागं पडलं, पण लहानपणी मी पेवाच्या तोंडाशी उभी राहून आत बघितलंय. वर अंगण कितीही मोकळं असलं तरी पेवात मावते तेवढीच हळद मावते. तसंच ना?

माहुलीचा संगम
१३ फेब्रुवारी, सकाळी ८.००

अगदी तसंच. आणि पेव रुंद करायचं तर शेजारच्या अंगणातूनच जमीन घ्यावी लागते. तुमचं सी बरोबर शेजारी आहे, हे फार चांगलं झालं. रिकव्हरी सी च्या अलीकडं असती तर हा मार्ग बंद होता.

आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसता कॉपी झाला म्हणून सोडू नका. मग मघाचीच कमांड, इन्फोच्या जागी डिसेबल. त्यानं रिकव्हरीची फाइल, विनआरई डॉट विम, उचलून विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरात येते. ती लपलेली असते, म्हणून त्या फोल्डरात डीआयआर, जागा, तिरकी रेघ, ए असं करून ती आलीय हे डोळ्यांनी बघा. दिसली नाही तर तिथंच थांबा आणि मला लिहा.

दिसली तर डिस्कपार्ट, म्हणजे पार्टिशनं करायची-मोडायची कमांड. डिस्क ० निवडून लिस्ट डिस्क करा. जीपीटीच्या (डिस्कच्या नव्या पद्धतीच्या) रकान्यात चांदणी (*) नसेल तर जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क आहे, तुमची तशीच असणार. सी चं पार्टिशन निवडून श्रिंक, डिझायर्ड २५०, मिनिमम २५०. मग पार्टिशन ३ निवडून डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. मग क्रिएट पार्टिशन प्रायमरी, आयडी बरोबर २७. एनटीएफएसमध्ये क्विक फॉरमॅट, डिस्कपार्टमधून बाहेर, आणि शेवटी पहिल्या कमांडला एनेबल. मायक्रोसॉफ्टच्या केबी५०२८९९७ या मदतपानावर हेच सगळं आहे, ते शेजारी उघडं ठेवून अक्षर न अक्षर तिथूनच घ्या.

डिलीटच्या आधी लिस्ट पार्टिशन करा. ज्याच्यापुढं चांदणी आहे तेच निवडलेलं. मी आजही तिथं दोनदा बघतो.

विट्याहून
१३ फेब्रुवारी, दुपारी १.३०

इतकं करायची खरंच गरज आहे का? हे अपडेट बिटलॉकरमधलं, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीतलं, एक भगदाड बुजवतं, आणि ते वापरायला माणूस प्रत्यक्ष मशीनपाशी यावा लागतो. ताईंनी डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद केली नसेल तर शो ऑर हाइड अपडेट्स या टूलनं ते लपवून टाकावं. सौद्यांच्या दिवसांत पार्टिशनला हात लावायचा म्हणजे जोखीम आहे.

माहुलीचा संगम
१३ फेब्रुवारी, दुपारी २.१०

तुमचं म्हणणं रास्त आहे. बिटलॉकर नसेल तर लपवूनही चालेल, आणि ज्याला कमांडचा काळा पडदा बघूनच धडकी भरते त्याला मीही तेच सांगतो. ताई सतरा वेळा खुणा करून बसल्यात, म्हणून पूर्ण मार्ग लिहिला. निर्णय त्यांचा.

हरिपूरकर
१८ फेब्रुवारी, रात्री १०.५०

आज रविवार, यार्ड बंद, म्हणून आजच बसले. बिटलॉकर नाहीये, पण मला ते लपवून ठेवायचं नव्हतं. रोज ज्या मशीनवर लोकांच्या पैशाचा हिशेब होतो, त्यात काय अडलंय ते मला माहीत हवं.

बॅकअप भाच्याच्या लॅपटॉपवर उघडला. गेल्या गुरुवारची शेवटची पट्टी आकड्यासकट बघितली आणि मगच पुढं गेले. एका कोऱ्या पट्टीच्या पाठीवर तिन्ही पार्टिशनं लिहिली, ३ ला लाल पेननं गोल केला आणि ती पट्टी स्क्रीनच्या कडेला चिकटवली. विनआरईची फाइल पहिल्यांदा दिसलीच नाही. मी डीआयआरनंतरचा ए विसरले होते. ए टाकल्यावर दिसली.

श्रिंक झालं आणि डिलीटची ओळ लिहून एंटरवर बोट ठेवून मी थांबले. परत लिस्ट केलं. चांदणी ३ पुढं, साइज ४५० एमबी. पट्टीवर ३, स्क्रीनवर ३. मग दाबलं. पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. नवीन पार्टिशन ७०० एमबीचं, रिकव्हरी पुन्हा एनेबल्ड.

अपडेटला पुन्हा प्रयत्न दिला. शंभर टक्क्यांवर ते थोडं रेंगाळलं तेव्हा छाती धडधडत होती. मग हिरवी खूण आली. इतिहासात सतरा अयशस्वी आणि त्यांच्या वर एक यशस्वी. टॅली उघडलं, एक पट्टी छापली, आकडे रकान्यांत जिथल्या तिथं पडले.

दादा, तुमचे उपकार कसे फेडू. यार्डातल्या एका दुकानाच्या मशीनवर हेच अडलंय, पण तिथं जीपीटीपुढं चांदणी आहे. आयडी २७ च चालेल का?

माहुलीचा संगम
१८ फेब्रुवारी, रात्री ११.१५

वाचून फार बरं वाटलं ताई. नाही, तिथं २७ चालणार नाही. जीपीटीला लांबलचक आयडी लागतो आणि त्यानंतर अॅट्रिब्यूट्सची एक ओळ जास्त असते. दोन्ही हातानं टाइप करू नका, त्याच मदतपानावरून कॉपी करा. आणि ते मशीन ब्रँडेड असेल तर डिस्कवर कंपनीचं स्वतःचं वेगळं रिकव्हरी पार्टिशनही असू शकतं. डिलीट करण्याआधी डिस्क मॅनेजमेंटचा फोटो इथं टाका, बघून सांगतो.