कुरुमानचे मॉफट कुटुंब : मिशनचे काम नेमके कोण करत होते?

प्रश्न : पानसुपारी

आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याविषयी शाळेत जे वाचले, त्यात नद्या, नकाशे आणि धबधबेच अधिक होते. अलीकडे त्यांचे सासरे रॉबर्ट मॉफट यांच्याविषयी वाचू लागले, तेव्हा लक्षात आले की लंडन मिशनरी सोसायटीचे हे गृहस्थ दक्षिण आफ्रिकेत कलहारी वाळवंटाच्या कडेला, कुरुमान येथे, 1870 पर्यंत जवळजवळ अर्धे शतक सहकुटुंब राहिले. सोसायटीची नेमणूक पतीच्या नावाने होत असे. मग पत्नी मेरी आणि मुले यांच्या वाट्याला काय येत होते? आणि चर्चचे काम म्हणजे रविवारचा उपदेश सोडून आणखी काय असे?

उत्तर : जुनी वही

माझ्या मते कुरुमानात घरकाम आणि चर्चचे काम यांच्यात रेघ ओढणेच अवघड आहे. रॉबर्ट मूळचे माळी. मेरी स्मिथ ही त्यांच्या इंग्लंडमधील मालकाची मुलगी. आईवडिलांचा विरोध निवळेपर्यंत ती थांबली आणि 1819 च्या डिसेंबरात केपटाऊनला येऊन तिने लग्न केले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा मोठा झगडा धर्माचा नव्हता, पाण्याचा होता. मिशनच्या बागेसाठी काढलेल्या पाटाचे पाणी तिथल्या ट्लापिंग जमातीच्या स्त्रिया वरच्या अंगाला फोडून आपल्या शेतांकडे वळवत, आणि मिशनरी कुदळ खांद्यावर टाकून पाट दुरुस्त करायला जात. (आपल्याकडे पाटाच्या पाण्यावरून किती भाऊबंदकी होते, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या स्त्रियांना दोष देणार नाही.) पुढे वस्ती झऱ्याच्या प्रवाहाजवळ हलवल्यावर बाग, फळझाडे आणि शेती यांना स्थैर्य आले.

मेरीबाईंच्या पत्रातील एक तपशील मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. त्या खोल्यांची जमीन आठवड्यातून एकदा तरी शेणाने सारवत. आधी त्यांना हे किळसवाणे वाटले होते. पण धूळ बसते आणि पिसवा मरतात, हे पाहिल्यावर त्या सारवण्याच्या दिवसाची वाट पाहू लागल्या. दगडांखाली जिवंत पुरलेले एक अर्भक या दांपत्याला सापडले, तेव्हा त्या मुलीलाही त्यांनी घरातच वाढवले.

जवळजवळ दहा वर्षे बाप्तिस्मा घ्यायला कोणी पुढे आले नाही. तरीही इंग्लंडमधल्या मैत्रिणीने काय पाठवू असे विचारले, तेव्हा मेरीबाईंनी प्रभुभोजनासाठी (चर्चमधील भाकर व द्राक्षारसाच्या विधीसाठी) लागणारी भांडी मागवली. ती पोहोचली 1829 मध्ये, पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी. त्यानंतर लोक कपडे मागू लागले आणि मेरीबाईंनी शिवणाचा वर्ग सुरू केला. रॉबर्ट यांनी छपाईचे काम शिकून घेतले, 1831 मध्ये छापखाना कुरुमानला आणला आणि 1857 पर्यंत तिथल्या लोकांच्या त्स्वाना भाषेतील संपूर्ण बायबल पुरे केले. दगडी चर्च 1838 मध्ये उघडले.

उत्तर : दक्षिणवाटा

वरचे चित्र बरोबर आहे, पण ते स्थिरावलेल्या घराचे आहे. मॉफट यांची थोरली मुलगी, तीही मेरीच, 1845 मध्ये लिव्हिंगस्टन यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि तिच्या संसाराला ते स्थैर्य कधीच मिळाले नाही. लिव्हिंगस्टन यांचे मिशन जिथे होते त्या कोलोबेंग येथे (आजच्या बोत्स्वानात) ती लहान मुलांची शाळा चालवी आणि साबण, मेणबत्त्या, लोणी घरीच करी. पाव भाजायला कधी वारुळात भोक पाडून त्याचीच भट्टी केली जाई. तिथे सतत दुष्काळ पडला. 1850 मध्ये तिची तान्ही मुलगी दगावली आणि 1851 मध्ये पुढचा मुलगा वाळवंटापलीकडच्या प्रवासात नदीकाठी जन्मला. गरोदर मुलीला व लेकरांना अशा वाटेने नेल्याबद्दल सासूबाईंनी जावयाला खरमरीत पत्र लिहिले होते आणि मला ते पूर्णपणे रास्त वाटते. 1852 मध्ये पत्नी व मुले इंग्लंडला रवाना झाली, ती काही वर्षे तिकडे आधाराविना राहिली आणि 1862 मध्ये झांबेझी नदीकाठी शुपांगा येथे तापाने मेरीचे निधन झाले. लिव्हिंगस्टन यांच्या कीर्तीची किंमत प्रामुख्याने तिने मोजली, हे चरित्रकारांनी अधिक ठळकपणे सांगायला हवे होते.

पानसुपारी

दोघांचेही आभार. पण मग स्थानिक लोकांचा वाटा कुठे आहे? उपदेश कायम गोरे कुटुंबच करत होते का?

उत्तर : जुनी वही

मुळीच नाही. कोलोबेंगचे क्वेना जमातीचे प्रमुख सेचेले यांचा बाप्तिस्मा 1848 मध्ये झाला. त्यासाठी त्यांनी पाचपैकी चार पत्नींना माहेरी धाडले. पुढे त्यांतली एक त्यांच्यापासूनच गरोदर राहिली, तेव्हा लिव्हिंगस्टन यांनी त्यांना प्रभुभोजनातून वगळले. लिव्हिंगस्टन निघून गेल्यावर मात्र सेचेले स्वतःच लोकांना जमवून उपासना चालवत राहिले.

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण तर थेट नाशिकशी जोडलेले आहे. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला आणली जात आणि त्यांतली काही नाशिकच्या शरणपूर येथील मिशनमध्ये शिकत. लिव्हिंगस्टन यांनी 1866 च्या अखेरच्या मोहिमेसाठी यांतले काही तरुण सोबत नेले. त्याआधीच, 1864 मध्ये, विल्यम जोन्स व जॉर्ज डेव्हिड मोंबासाजवळच्या रबाई येथे मिशनच्या कामाला गेले होते. इश्माएल सेमलर यांनीही तिकडेच काम केले. जोन्स आणि सेमलर यांना पाळकपदाची पहिली दीक्षा मिळाली 1885 मध्ये, म्हणजे जोन्स यांनी रबाईत पाऊल ठेवल्यानंतर एकवीस वर्षांनी. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशप हॅनिंग्टन मारले गेले, तेव्हा उरलेल्या तांड्याला किनाऱ्यापर्यंत परत आणणारे जोन्सच होते.