मक्याचं जुनं पेरणी यंत्र सोयाबीनला चालवायचंय

काळीमाती: गंज काढला, नळ्या बदलल्या, ग्रीस मारलं. पण पेटीतल्या दाणे उचलून सोडणाऱ्या तबकड्या मक्याच्याच आहेत, सोयाबीनचे तीन-तीन दाणे एकदम पडतात, मग बरंच अंतर रिकामं. आणि चेननं तबकड्या फिरवणारं जमिनीवरचं चाक मधेच फिरायचं थांबून घसटतं. काय करू?

पाना_पक्कड: तबकड्या बदलाव्याच लागतील, जुन्या खाचा बुजवत बसू नका, टिकत नाही. खाच दाण्यापेक्षा जराशीच मोठी हवी आणि खाचा जास्त हव्यात. हिशोब सोपा आहे, चाकाचा घेर भागिले चाकाच्या एका फेऱ्यात किती खाचा पुढं सरकतात. घेर 150 सेंमी आणि खाचा 20 तर दाणा 7.5 सेंमीवर. अंतर थोडं कमी-जास्त करायचं तर स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदला. पेटीत ग्रीस अजिबात नको, बियाण्याची धूळ चिकटून तबकडी जाम होते, ग्रॅफाइट पावडर टाका.

ढेकूळ: चाकाचं आधी बघा बरं का, चेन काढून हातानं फिरवा. मोकळं फिरलं तर दोष वर, चेनच्या कड्या आखडल्या असतील नाहीतर तबकडीचा शाफ्ट वाकलाय. तरी जड असेल तर बेअरिंग गेलं. सगळं ठीक असूनही घसटत असेल तर चाक जमिनीवर दाबणाऱ्या स्प्रिंगचा दाब कमी आहे.

काळीमाती: चेन काढली, चाक भिंगरीसारखं फिरतंय! शाफ्टच वाकलाय वाटतं.

पाना_पक्कड: मग तो सरळ करून घ्या आणि फणांतलं अंतर, फण बसवलेल्या आडव्या बारच्या मधोमध खूण करून तिथून दोन्हीकडं मोजा, कडेवरून मोजलं की ओळी एका बाजूला सरकू शकतात