अनुभव धागा: थाप आधी दिसते की आधी ऐकू येते?

गणपती जवळ आले की दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवजा स्टुडिओत लोक एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. आवाज इथे छान रेकॉर्ड केलेला असतो, व्हिडिओ भाच्याने मोबाइलवर काढलेला असतो, आणि दोन्ही एकत्र केले की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. मी आधी एवढंच विचारतो: पहिल्या मिनिटाला जेवढं अंतर आहे, तेवढंच शेवटच्या मिनिटाला आहे का? तेवढंच असेल तर ट्रॅक सरकवा, चहा प्या. वाढत जात असेल तर सरकवून काही उपयोग नाही, रोग वेगळा आहे.

बडोद्यात गाणारे-वाजवणारे आणि ते रेकॉर्ड करणारे काही कमी नाहीत. तेव्हा लिहा. काय दिसलं, कसं शोधलं, कशाने सुटलं. 'सॉफ्टवेअर अपडेट करून बघा' असले सल्ले मात्र इथे नकोत.

डग्गा
वाढत जाणाऱ्या अंतराचा अनुभव माझ्याकडे आहे. मुलाचं तबल्याचं एकल वादन होतं, आवाज रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये, चित्र मोबाइलवर. सुरुवातीच्या पेशकाराला सगळं चोख. पुढच्या जलद रेल्यापर्यंत पोचलो तर डग्ग्यावरून तळवा उठलेला दिसतोय आणि 'धा' अजून यायचाच आहे. व्हिडिओची फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर फ्रेम रेटपुढे (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेमा) 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता, असं लिहिलेलं. उजेड कमी झाला की पुष्कळसे मोबाइल फ्रेमा कमी घेतात, उजेड आला की वाढवतात. सेकंदाला कधी २४, कधी ३०. डोळ्याला कळत नाही, पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेमा समान अंतरावर आहेत असं धरून चालतात आणि घोळ होतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' (स्थिर) निवडून फाइल नव्याने काढली, मग जुळलं.

तरी अगदी शेवटी एखाद-दोन फ्रेमांचा फरक उरलाच. तो दोन घड्याळांचा. ऑडिओ इंटरफेसचा (माइकचा आवाज कंप्युटरला देणारं यंत्र) वेळ मोजणारा स्फटिक वेगळा, मोबाइलचा वेगळा. दहा लाखात वीस भाग एवढाच फरक धरला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, आणि २५ फ्रेमांच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज तेवढा ताणला. इतक्या सूक्ष्म ताणाने स्वर हलला असं कुणाच्याही कानाला कळणार नाही.

काळी चार
मला तर स्वरावरूनच कळलं. सूरसागरसमोरच्या म्युझिक कॉलेजात, म्हणजे गायक-वादक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या शाळेच्या आजच्या रूपात, मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. माझी पट्टी काळी चार. व्हिडिओ तयार होऊन आला तो ऐकून आई म्हणाली, "ही तू नाहीस, तुझी धाकटी बहीण गातेय." पेटी पुढे ओढली. षड्ज पांढरी सहाला बसेना, काळी पाचलाही बसेना, बरोब्बर दोन्हींच्या मध्ये लोंबकळत होता.

रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेऊन झालेलं, व्हिडिओचा प्रोजेक्ट ४८ वर. फाइल आत घेताना सॉफ्टवेअरने 'कन्व्हर्ट करू का?' विचारलं असणार आणि कुणीतरी 'नको' म्हटलं असणार. सॅम्पल तेच, वाजले भरभर. साधारण दीड अर्धस्वर वर चढतं आणि तासाभराचं गाणं ५५ मिनिटांत उरकतं. तेव्हापासून मी स्टुडिओत पाय ठेवल्या ठेवल्या सांगते: व्हिडिओसाठी आहे, ४८ वर घ्या.

धागाकर्ता
ताई, मोलाचं लिहिलंत. त्याला जोड देतो: फाइल पाठवताना एमपी३ नको, वेव्ह (न दाबलेली फाइल) द्या. एमपी३ करताना सुरुवातीला हजारेक सॅम्पलची शांतता चिकटू शकते. २५ मिलिसेकंद फार नाहीत, पण द्रुत तीनतालात बोटं बघणाऱ्याला खटकतात.

आजी ऑनलाइन
मला हे हर्ट्झ वगैरे कळत नाही. नात पुण्याहून माझ्याकडे पेटी शिकते. ती म्हणायची, "आजी, तुझी बोटं पुढे पळतात." जावयाने तिला ब्लूटूथचे हेडफोन काढून वायरचे लावायला सांगितलं. संपलं.

चिपळ्या
आमच्या मंडळाच्या कीर्तनाचं थेट प्रक्षेपण मी ओबीएस या सॉफ्टवेअरवरून करतो. बुवांचा माइक मिक्सरमधून सरळ लॅपटॉपला, कॅमेरा कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपला देणारं यंत्र) फिरून. चित्राला उशीर, आवाज आधीच हजर. बुवांच्या चिपळ्या वाजायच्या आणि मग हात मिटायचा. ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये 'सिंक ऑफसेट' आहे, तिथे आवाजाला मिलिसेकंदांत थांबवून ठेवता येतं.

किती थांबवायचं? थोडा जास्तच उशीर चालतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) १९९८ च्या शिफारशीप्रमाणे आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवतं, पण मागे राहिला तर १२५ पर्यंत खपून जातं. उघड आहे, मागच्या रांगेत १७ मीटरवर बसलेल्याला बुवांचा शब्द एरवीही ५० मिलिसेकंद उशिरानेच पोचतो. ओठ हलायच्या आधी शब्द मात्र कुणी कधी ऐकलेला नसतो. म्हणून शंका असेल तर आवाज मागे ठेवा, पुढे नको.

नवरात्रवाला
गरब्याच्या आयोजकाचा फोन: "भाई, अवाज पाछळ रही जाय छे." (आवाज मागे राहतोय.) कुठून? तर अठराव्या मिनिटापासून एकदम, तोवर ठीक. ना स्थिर अंतर, ना हळूहळू वाढणारं. बघितलं तर कॅमेऱ्याने कार्डावर ४ जीबी भरल्यावर फाइल तोडून दुसरी सुरू केलेली, आणि त्या सांध्यात काही फ्रेमा गळालेल्या. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवावा लागतो. दोढिया या गरब्याच्या प्रकारात हजार जणांची टाळी एकदम पडते, जुळवायला तीच वापरली.

पार्श्वसंगीतवाला
दिग्दर्शकाला दाखवायला मोठा टीव्ही जोडला, तर म्हणे संगीत लवकर येतंय. लॅपटॉपच्या पडद्यावर अचूक होतं. टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवत होता. टीव्हीचा गेम मोड (चित्रावरची ही प्रक्रिया टाळणारा) चालू केला आणि वाद मिटला. नाहीतर बिचाऱ्याने माझे सगळे क्यू (संगीत सुरू होण्याच्या जागा) हलवायला लावले असते!

काळी चार
डग्गाकाका, एक विचारू? मैफलीत क्लॅपबोर्ड (शूटिंगमध्ये जुळणीसाठी आपटतात ती पाटी) घेऊन कोण उभं राहणार? जुळवायला खूण कुठली धरता?

डग्गा
अगं, तबलजी हातोडी घेऊन बसलेलाच असतो. गठ्ठ्यावर (तबल्याच्या वाद्या ताणणारा लाकडी ठोकळा) ठोका पडतो तो टोकदार असतो, वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) काट्यासारखा उभा दिसतो, आणि हातोडी कॅमेऱ्यात स्वच्छ दिसते. मैफल सुरू व्हायच्या आधी एकदा, मध्ये तबला उतरला की पुन्हा. दोन ठोक्यांमधलं अंतर चित्रात मोज, आवाजात मोज. सारखं आलं तर घड्याळं बरी आहेत. तबलजींना फक्त सांगून ठेव, लावताना कॅमेऱ्याकडे पाठ करू नका.