ध्रुवावरचा पारा वसंतात जातो कुठे?

धरमपेठची आई:
पोरगी बीएस्सीला आहे, काल म्हणे उत्तर ध्रुवावर वसंत आला की हवेतला पारा एकदम गायब होतो. आपल्याकडे पारा म्हणजे ४५ डिग्री एवढंच माहीत, काहून होते असं, कोणी नीट सांगा न.

कोराडीकर:
ताई, गायब नाही होत जी, खाली बर्फावर बसते. एरवी पाऱ्याची वाफ महिनोन्‌महिने हवेत फिरत राह्यते, म्हणून आपल्या कोळशाच्या धुरातलाही तिथवर पोचू शकते. लांबलचक रात्रीनंतर ऊन पडलं की समुद्राच्या खारट बर्फातून ब्रोमीन नावाचं रसायन सुटते, ते पाऱ्याला पकडते आणि काही तासांतच हवेतला पारा पार घसरते, सोबत जमिनीलगतचा ओझोनपण. कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या अलर्ट नावाच्या ठाण्यावर १९९५ मध्ये हे पहिल्यांदा दिसलं.

धरमपेठची आई:
मग तो बर्फातच राह्यते का?

महालवाला:
नाही, बराचसा उन्हानं परत हवेत उडते. पण उरलेला पाण्यात गेला की जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, तेच खरं विष, मासे मग सील आणि सील खाणारी तिथली मूळची इनुइट माणसं, दर पायरीला वाढत जाते. ज्यांनी कोळसा जाळलाच नाही त्यांच्या ताटात येते, मला याचंच फार वाईट वाटते.