अनुभव धागा : वापरलेली वस्तू घेताना हात कुठे लावायचा

पारखी
जुनं घ्यावं की नवं, हा वाद इथे नको. जे दुरुस्ती करतात किंवा हा माल रोज हाताळतात त्यांनी कृपया लिहावं. वस्तू कुठली, बघायचं कुठे, काय बिघडतं, सुटा भाग मिळतो का. "मला स्वस्तात मिळाली" यापेक्षा ती कशी पारखायची हे इतरांच्या जास्त कामी येईल. सुरुवातीला एकच सांगतो : विक्रेता सांगतो तो आकडा म्हणजे किंमत नव्हे. पहिल्या महिन्यात ती वस्तू धड चालू करायला जे लागेल ते त्यात मिळवा, मग नव्याशी तुलना करा. फरक चाळीस टक्क्यांच्या आत आला तर मी नवीच घ्या म्हणतो.

चेनस्प्रॉकेट
दुचाकीबद्दल. बघायला जाण्याआधी फोनवर सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतं ही गोष्ट लपवली असण्याची शक्यता आहे, तासाभराने परत या. चालू केल्याबरोबर थोडा निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळा धूर येत राहिला तर पिस्टन रिंगा, म्हणजे इंजिन खोलायचं काम. काळा धूर कार्ब्युरेटरचा, त्याला घाबरू नका.

मागच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) बसलेली चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा दिसला किंवा दात आकड्यासारखे वळले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावे लागतात. नुसती चेन बदलली तर झिजलेले दात नवी चेनही लवकर खातात. मग गाडी मेन स्टँडवर लावा, मागे वजन देऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाची रेघ असेल तर ऑइल सील गेलंय. मीटरवर बारा हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

कागदपत्रं_आधी
वरचं सगळं बरोबर आहे, पण गाडीपेक्षा कागद जास्त महागात पडतात. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतली की काम झालं असं अनेकांना वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, गाडी त्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंद बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईबाबत हेच स्पष्ट केलं. त्यामुळे विकणाऱ्यांनाही कळकळीने सांगतो, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडू नका.

कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चॅसी नंबर आरसी पुस्तकातल्या नंबरशी स्वतः ताडून बघा. ई-चलान थकलंय का ते पैसे देण्याआधी बघा. विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत करा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा राहतो. म्हणून "बोनससकट विमा आहे" याचे वेगळे पैसे मोजू नका.

गोव्याची गाडी स्वस्त दिसते म्हणून बरेच जण घेतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर फॉर्म २८ (तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर आलाच. तो खर्च धरून मग स्वस्त म्हणा.

पूररेषा
चारचाकी घेणाऱ्यांसाठी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण, दोन्हीकडे कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी पॉलिश करून उभी केली की बाहेरून काही कळत नाही. सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येतो तेवढा पट्टा धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या तळाचा भाग सहसा कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ असते, तिच्याखाली पट्टा कडक आणि वर मऊ. नख फिरवलं तर बारीक गाळ सुटतो. मग सीटखालच्या रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या काचेच्या आत साचलेला गाळ आणि स्टेपनीच्या खळग्याचा तळ बघा. पाणी शिरलेल्या गाडीची वायरिंग लगेच जात नाही. कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा थर चढत जातो आणि सहा महिन्यांनी एकेक सेन्सर दगा देतो. कितीही कमी किमतीत मिळाली तरी अशी गाडी सोडून द्या.

थंडावा
फ्रीज : तुम्ही पोचाल तेव्हा तो बंद असू दे, स्वतः चालू करा. दर एक-दोन मिनिटांनी "टक्" वाजून बंद होत असेल तर कॉम्प्रेसर उचलत नाहीये. नुसता रिले (कॉम्प्रेसर चालू करणारा छोटा भाग) असेल तर थोडक्यात भागतं, कॉम्प्रेसर असेल तर सौदा तिथेच संपला. अर्धा तास थांबा. बर्फकप्प्याच्या एकाच कोपऱ्यात दव धरलं आणि बाकी कोरडं राहिलं तर गॅस कमी आहे, म्हणजे कुठेतरी गळती आहे. एका दरवाज्याच्या फ्रीजमध्ये सुरीने बर्फ खरवडून कप्प्याला भोक पाडलेलं असतं आणि वर एमसील थापलेलं असतं. तो डाग शोधा. दारात नोट धरून ओढा, सहज सुटली तर रबर बदलावं लागेल.

आणताना उभाच आणा. आडवा करावाच लागला तर घरी उभा करून किमान चार तास, जमलं तर रात्रभर, प्लग लावू नका. आडवा असताना कॉम्प्रेसरचं तेल नळीत उतरतं.

सागवान
प्लाय आणि भुशाचा बोर्ड यात गल्लत करू नका. भुशाच्या बोर्डाचं कपाट एकदा खोलून परत जोडलं की स्क्रू धरत नाहीत, पाण्याने तळ फुगतो. फुकट मिळालं तरी वाहतुकीचे पैसे वाया जातात. सागाचं मात्र चाळीस वर्षांचं कपाटही रंधा मारून पॉलिश केलं की नव्यासारखं होतं.

मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुनं म्हणून दाखवतील ते उलटं करून बघा. ड्रॉवरच्या खालची बाजू उजळ असेल आणि सगळे स्क्रू अधिकच्या खाचेचे असतील तर लाकूड जुनं असल्याची खात्री धरू नका. टाचणीएवढ्या भोकांखाली पिठासारखा ताजा भुसा असेल तर कीड जिवंत आहे. पलंग असेल तर सांध्यात काळे ठिपके शोधा, ते ढेकणांचे. वापरलेली गादी तर नकोच.

सिमकार्ड
फोन : स्टार हॅश ०६ हॅश दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बिलावरच्या नंबराशी जुळवा, मग केवायएम (KYM) लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीतला असेल तर तिथेच कळेल. जुनं खातं मालकाने समोर काढून टाकलं पाहिजे. नुसतं रिसेट पुरत नाही, परत तेच खातं मागतो.

पारखी
छान माहिती येतेय. न घेण्याच्या यादीत माझ्याकडून तीन : हेल्मेट (आतलं थर्माकोल एकदा दबलं की काम संपलं, बाहेरून दिसत नाही), गॅसची नळी, आणि जुना टायर. टायरच्या बाजूला छापलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं.

टीपटाका
शिलाई मशीनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण जुनी घेण्यासारखी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. लोखंडी पायमशीनचे भाग आजही मिळतात. आधी दोरा न ओवता वरचं चाक आपल्याकडे फिरवा. कुठेही घासल्यासारखं वाटता कामा नये आणि सुई तिच्याखालच्या लोखंडी पट्टीला टेकता कामा नये. सुईखाली नखाने चाचपून बघा, पट्टीच्या भोकाभोवती चरे असतील तर दोरा तुटत राहील. पट्टी मात्र स्वस्तात बदलते. कापड सरकवणाऱ्या दात्यांवर बोट फिरवा, बोथट असतील तर कापड सरळ सरकत नाही.

मग बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) दोऱ्याला लटकवा. हलका हिसका दिल्यावर थोडीशी खाली घसरून थांबली तर ताण बरोबर. सरसर खाली गेली तर तिचा छोटा स्क्रू पाव फेरा आवळा. शेवटी १४ नंबरची नवी सुई लावून सुती कापडावर आणि मग जाड चादरीच्या चार पदरांवर टीप मारा. खाली दोऱ्याचा गुंता झाला तर लगेच मशीनला दोष देऊ नका, बहुतेक वेळा वरचा दोरा चुकीचा ओवलेला असतो.

चाक जड असेल पण आवाज नसेल, तर ते वाळलेलं तेल असतं. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पाच मिनिटं पायडल मारा. काळं पाणी गळेल ते पुसून घ्या. परत एकदा तसंच करा. मगच मशीनचं तेल घाला, आणि टाकाऊ कापडाच्या तुकड्यावर डाग पडायचे थांबेपर्यंत टिपा मारत राहा.