एचसीआयचा प्रोजेक्ट घेतलाय, सर म्हणतात यात कॉम्प्युटर सायन्स कुठंय?

कल्याण_स्लो:
लास्ट इयर कॉम्प्युटरला आहे, मुंबईतलंच कॉलेज, नाव नको. एचसीआय (ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे माणसं कॉम्प्युटर-फोन कसे वापरतात त्याचा अभ्यास) इलेक्टिव्ह घेतलं आणि प्रोजेक्टपण त्यातच. फोनवर मराठी टाइप करताना इंग्रजी अक्षरांतून सोपं जातं की स्वरचक्रने? स्वरचक्र म्हणजे आयआयटी बॉम्बेच्या आयडीसीत (त्यांचा डिझाइन विभाग) बनलेला कीबोर्ड, क वर बोट ठेवलं की भोवती का कि की कु चं चक्र उघडतं तो. सुचलं आईमुळे, सोसायटीच्या ग्रुपवर ती सगळं व्हॉइस नोटवर बोलते, म्हणते टाइप करत बसले तर भाजी करपेल. तर गाइड सर म्हणाले हा नुसता सर्व्हे झाला, अल्गोरिदम कुठाय, फेस रेकग्निशन अटेंडन्स करा. दरवर्षी दोन-तीन ग्रुप तेच करतात हो!! काय सांगू त्यांना?

पार्लेकर_०७:
गपचूप अटेंडन्स कर, मार्क घे, मोकळी हो. प्लेसमेंटला कोण विचारतंय आईचा कीबोर्ड.

मागचा_बाक:
वरच्याचं ऐकू नकोस गं. सरांना अल्गोरिदम हवाय ना, तो तुझ्याच प्रोजेक्टात पडलाय. चुका कशा मोजणार? दिलेलं वाक्य आणि टाइप केलेलं वाक्य यातलं लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे एकाचं दुसरं करायला कमीत कमी किती अक्षरं बदलावी, घालावी, गाळावी लागतात ते. हे शुद्ध डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (छोट्या भागांची उत्तरं साठवून मोठं उत्तर काढायचं), सेकंड इयरला सरांनीच शिकवलं असेल. आणि खरी मजा पुढेच आहे, स्पीड मोजताना इंग्रजीत पाच कॅरेक्टर म्हणजे एक शब्द धरतात, मराठीत काय धरशील? 'क्षि' डोळ्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये चार कोडपॉइंट, म्हणजे कॉम्प्युटरसाठी चार वेगळे तुकडे. वर 'ॲप' दोन प्रकारे लिहिता येतं, एकसंध ॲ किंवा अ वर वेगळा चंद्र, दिसायला सेम, पण तुझा कोड बिचाऱ्या काकूंच्या नावावर दोन चुका टाकणार. युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत) ते जात नाही, मॅपिंग स्वतः लिहावं लागतं (माझी एक आख्खी रात्र गेलीय यात). वाक्यांत ज्ञ आणि 'सुऱ्या'मधला ऱ्य मुद्दाम घाल, नाहीतर दोन्ही कीबोर्ड सारखेच दिसतील.

पार्लेकर_०७:
बरं बाबा, चुकलं. हे मलाही माहीत नव्हतं.

घाटकोपर_ब्रिज:
अजून एक, सगळ्यांना आधी इंग्रजीवालं आणि मग चक्र असं देऊ नका, दुसऱ्या वेळेपर्यंत वाक्यांची सवय झालेली असते. अर्ध्यांना उलटा क्रम द्या. आणि एकाच बैठकीवर निकाल लावला तर नवा कीबोर्ड हरणारच, इंग्रजी अक्षरांतून लिहायची सवय वर्षानुवर्षांची असते, म्हणून त्याच माणसांना चार-पाच दिवस बसवा आणि रोजचा ग्राफ काढा. पुढे डिझाइनकडे वळायचं असेल तर सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन आयडीसीत इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनमधली मास्टर्स) करता येतं, पण परीक्षेत ड्रॉइंग असतं, हात आत्तापासून चालवा.

कल्याण_स्लो:
थँक्यू थँक्यू! लेव्हेनश्टाइन म्हटल्यावर सर "बघू" म्हणाले, म्हणजे हो. भिशीच्या बायका तयार आहेत, चहा-भजी आपल्याकडून. आईला पहिली पार्टिसिपंट घेऊ ना?

मागचा_बाक:
पायलटला, म्हणजे आधीच्या ट्रायलला घे, डेटात नको. तुझं सगळं आधीच ऐकून बसलीय ती.